‘तुप्परियुम् सांबू’ : हेरकथेतील हास्य आणि हास्यास्पद

१

हेरकथा हा तर्काचा खेळ आहे, असे सामान्यतः मानले जाते. गुन्हा घडतो, काही खुणा मागे राहतात, त्या खुणा वाचू शकणारी एक असामान्य व्यक्ती येते आणि विस्कटलेले जग पुन्हा कार्यकारणभावाच्या सूत्रात ओवले जाते. या रचनेत विनोदाला जागा असली तरी ती दुय्यम असते. गुप्तहेराचा भाबडा सोबती, उतावळा फौजदार किंवा विक्षिप्त साक्षीदार यांच्या वाट्याला हसू येते. गुप्तहेर मात्र हास्याच्या कक्षेबाहेर राहतो. असे असूनही भारतीय भाषांतील हेरकथा, विशेषतः ती क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली किंवा दूरचित्रवाणीवर मालिकेच्या रूपाने अवतरली म्हणजे, पुन्हा पुन्हा विनोदाकडे आणि पुष्कळदा असंगत विनोदाकडे झुकताना दिसते. या झुकण्याला कलेचा ऱ्हास समजावे, की त्या प्रकाराच्या अंगीच असलेल्या एखाद्या शक्यतेचा तो उलगडा समजावा, असा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास चेन्नई हे शहर आणि तेथील ‘तुप्परियुम् सांबू’ ही कथामाला फार उपयुक्त आहे. १९४२ साली ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकात सांबू प्रथम अवतरला; पुढे तो चित्रकथेत, रंगभूमीवर आणि दूरदर्शनच्या मालिकेतही आला. मराठी अभ्यासकाला त्याच्या शेजारी चिं. वि. जोशी यांचा चिमणराव सहज आठवेल. आणि मुंबईत घडलेल्या दोन दूरचित्रवाणी मालिकांचा इतिहास या तुलनेला एक वेगळीच, काहीशी अस्वस्थ करणारी बाजू पुरवतो.

२

तमिळमधील हेरकथेचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होतो. पंडित एस. एम. नटेश शास्त्री यांनी १८९४ साली दानवन् नावाच्या पोलीस-निपुणाच्या कथा प्रसिद्ध केल्या. दानवनने शोधून काढलेल्या गुन्ह्यांना ग्रंथाच्या नावातच ‘अर्पुद’, म्हणजे अद्भुत, असे विशेषण लावलेले आहे. हा शब्द अर्थपूर्ण आहे. पाश्चात्त्य हेरकथेचे आकर्षण तर्काचे असेल. भारतीय वाचकासमोर ती प्रथम आली ती अद्भुत रसाचे नवे वाहन म्हणून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जे. आर. रंगराजू, आरणी कुप्पुस्वामी मुदलियार आणि वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार यांनी या प्रकाराला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. रंगराजूंचा गोविंदन आणि वडुवूरांचा दिगंबर सामियार हे घराघरांत ठाऊक असलेले शोधक होते. दिगंबर सामियारावरील चित्रपट १९५० साली निघाला आणि त्यात एम. एन. नंबियार यांनी अनेक वेष पालटले. वेषांतर, भुयारे, हरवलेली मृत्युपत्रे आणि छळल्या गेलेल्या स्त्रिया यांनी हे विश्व भरलेले होते. मराठीत गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या आधारे जे विश्व उभे केले आणि पुढे बाबूराव अर्नाळकर यांनी झुंजार, काळा पहाड इत्यादी नायकांच्या हजाराहून अधिक कथांतून जे लोकप्रिय केले, त्याचेच हे दाक्षिणात्य भावंड होय.

या पार्श्वभूमीवर देवन यांचे काम पाहावे लागते. देवन हे आर. महादेवन (१९१३–१९५७) यांचे टोपणनाव. तंजावर जिल्ह्यातील तिरुविडैमरुदूर हे त्यांचे जन्मगाव. ‘आनंद विकटन’मध्ये ते तरुणपणीच दाखल झाले. एस. एस. वासन यांनी १९२८ साली हे नियतकालिक हाती घेतले होते आणि ‘कल्की’ कृष्णमूर्तींच्या लेखणीने ते नावारूपाला आले होते. १९४१ साली कल्कींनी स्वतःचे साप्ताहिक सुरू केल्यानंतर विकटनच्या संपादनाचा भार मोठ्या प्रमाणात देवन यांच्यावर आला. ‘मिस्टर वेदांतम्’, ‘जस्टिस जगन्नाथन’, ‘गोमतियिन् कादलन्’ या त्यांच्या कृती लोकप्रिय झाल्या. परंतु त्यांचे नाव ज्या एका व्यक्तिरेखेशी कायमचे जोडले गेले ती सांबूची होय.

येथे त्या साप्ताहिकाच्या नावाकडेही लक्ष द्यावयास हवे. मराठीत ‘विकट’ म्हणजे अवघड, भीषण. ‘विकट हास्य’ राक्षसाचे असते. तमिळमध्ये ‘विकटम्’ म्हणजे थट्टा, विनोद. ‘विकटकवी’ तेनाली रामन याच अर्थाने विकट. मूळ संस्कृत ‘विकट’ हे ‘विकृत’ या शब्दाचे प्राकृत वळणाचे रूप आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. भरताने हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेष, विकृत अलंकार आणि विकृत आचरण यांचाच निर्देश केला आहे. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटी मराठीने भय जपले आणि तमिळने हसू. भयानक आणि हास्य या दोहोंचे उगमस्थान एकच, आणि ते म्हणजे नेहमीच्या आकाराचे विकृत होणे. हेरकथा भयापासून हास्यापर्यंतचा प्रवास इतक्या सहजपणे का करते, याचे बीज येथे सापडते.

३

सांबू हा बँकेतील कारकून आहे. वय चाळिशीच्या आसपास, डोके टकले, नाक मोठे आणि लौकिक मूर्खाचा. त्याच्या हातून काही भलतेच घडते आणि त्यामुळे गुन्हेगार सापडतो. लोक त्याला बुद्धिमान समजू लागतात. त्याची कीर्ती पसरते. इन्स्पेक्टर गोपालन त्याच्याकडे पेचप्रसंग घेऊन येऊ लागतो. वेंबूशी त्याचा संसार थाटला जातो. कीर्ती वाढते, पण सांबू वाढत नाही. तो भलत्या घरात शिरतो, भलत्याच माणसाच्या मागे लागतो, घाबरून पळतो. आणि त्याच्या पळण्यानेच खरा चोर उघडा पडतो. उलगडा झाल्यावर आपण काय केले याचा अर्थ त्याला इतरांच्या तोंडून कळतो, किंवा कळतही नाही.

या नावातील उपरोध तमिळ शब्द जाणल्याशिवाय पुरता ध्यानात येत नाही. ‘तुप्पु’ म्हणजे सुगावा, माग. ‘अरियुम्’ म्हणजे जाणणारा. ‘तुप्परियुम् सांबू’ म्हणजे माग जाणणारा सांबू. पण जुन्या तमिळमध्ये ‘तुप्पु’ला सामर्थ्य असाही अर्थ आहे, आणि बोलीत ‘तुप्पु केट्टवन्’ म्हणजे धमक नसलेला, निरुपयोगी माणूस. ज्याच्या अंगी एका अर्थाचा ‘तुप्पु’ नाही त्याच्याच हाती दुसऱ्या अर्थाचा ‘तुप्पु’ आपोआप लागतो, असा हा खेळ आहे. मराठीतील ‘गुप्तहेर’ या शब्दात भर गुप्ततेवर आणि हेरण्यावर, म्हणजे रोखून पाहण्यावर आहे. तमिळ शब्दात तो जाणण्यावर आहे. सांबू यांतील काहीच करीत नाही. तो हेरत नाही आणि जाणतही नाही. तो केवळ तेथे असतो.

शास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर देवन यांनी हेरकथेतील ज्ञानाची वाटणी उलटी केली आहे. प्रचलित हेरकथेत गुप्तहेराला सर्वांत अधिक कळते, त्याच्या सोबत्याला कमी आणि वाचकाला त्याहूनही कमी. वाचकाचा आनंद या तुटीवर उभा असतो. सांबूच्या कथेत गुप्तहेराला सर्वांत कमी कळते, पोलिसांना चुकीचे कळते आणि वाचक तेवढा खरी गोष्ट जाणतो. साऱ्या मद्रास शहरात सांबूचे अज्ञान ठाऊक असलेला एकटा वाचकच. या गुपितामुळे वाचक आणि सांबू यांच्यात एक जिव्हाळ्याचे संगनमत तयार होते. गुन्हेगार पकडला जावा यापेक्षा सांबू पकडला जाऊ नये, त्याची मूर्खता उघडी पडू नये, ही काळजी वाचकाला अधिक लागते. कथेतील उत्कंठेचे केंद्र गुन्ह्यावरून प्रतिष्ठेकडे सरकते. हेरकथेचा सांगाडा तसाच राहून तिचा प्राण बदलतो.

ज्या वर्षी सांबू अवतरला ते वर्षही विसरता येत नाही. १९४२ च्या एप्रिल महिन्यात जपानी आक्रमणाच्या धास्तीने मद्रास शहर मोठ्या प्रमाणावर रिकामे झाले होते. सरकारी कचेऱ्या हलविल्या गेल्या होत्या आणि अफवांना ऊत आला होता. सर्व काही जाणणारे, सर्व काही हाताळू शकणारे शासन ही कल्पना त्या वर्षी डळमळली होती. अशा शहरातील वाचकापुढे योगायोगाने यशस्वी होणारा कारकून येतो, या घटनेचा सरळ कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल; तथापि जगाचा कारभार तर्काने चालतो यावरील विश्वास शिथिल झालेल्या काळात त्याचे स्वागत का झाले असेल, हे समजण्यास ही पार्श्वभूमी साहाय्यक ठरते.

४

चिमणरावाशी तुलना केल्यास सांबूचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. दोघेही कारकून. वसाहतकालीन मध्यमवर्गाचा हा प्रातिनिधिक पुरुष दिवसभर दुसऱ्यांच्या कर्तबगारीच्या नोंदी करतो आणि स्वतःच्या कर्तबगारीची स्वप्ने पाहतो. अर्नाळकरांचा झुंजार हे त्या स्वप्नाचे एक रूप. सांबू आणि चिमणराव ही त्या स्वप्नाची फजिती. परंतु चिमणराव स्वतःची हकीकत स्वतः सांगतो. पाली भाषेचे विद्वान असलेल्या चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी त्याला निवेदनाची लेखणी दिली, आणि त्यामुळे त्याच्या फजितीत एक समंजस आत्मभान आले. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. त्या भेदाचा थोडा सैल उपयोग केला तर चिमणरावाचे हास्य आत्मस्थ आणि सांबूचे परस्थ म्हणता येईल. सांबू स्वतःला हसू शकत नाही, कारण स्वतःत हसण्याजोगे काय आहे हे त्याला ठाऊक नाही. त्याला निवेदक करता येणार नाही. केले तर कथेतील गुपितच संपेल.

हा भेद दूरचित्रवाणीवर निर्णायक ठरला. मुंबई दूरदर्शनवर सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची मालिका झाली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या भूमिका महाराष्ट्राच्या स्मरणात राहिल्या. तेथे निवेदकाचा आवाज गेला तरी हानी मर्यादित होती, कारण चिमणरावाचे अवघडलेपण घरगुती प्रसंगांतून दिसत होते. सांबूचे तसे नव्हते. पानावर निवेदक सांगतो की सांबूला काही कळले नव्हते. पडद्यावर हे कोणी सांगावे?

मद्रास दूरदर्शन केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. प्रारंभीच्या काळात या केंद्राला अभिनेते आणि लेखक पुरविण्याचे काम मोठ्या अंशी शहरातील सभांच्या रंगभूमीने केले. मैलापूर, त्यागरायनगर आदी भागांतील सभा सभासदांच्या वर्गणीवर चालत. त्यांच्या मंचावर संगीताच्या कचेरीबरोबरच हलकीफुलकी नाटके होत. चो रामस्वामी यांच्या ‘विवेका फाइन आर्ट्स’ या संस्थेने या मंचावर राजकीय उपहास आणला. पुढे १९७६ साली एका तरुण अभियंत्याचे ‘क्रेझी थीव्ज इन पालवाक्कम्’ हे नाटक आले आणि लेखकाला ‘क्रेझी’ मोहन हे नावच चिकटले. शब्दांची कोटी, नावांचा घोटाळा आणि चोर-साव यांची अदलाबदल ही या विनोदाची हत्यारे होती. सांबूची भूमिका छोट्या पडद्यावर साकारणारे राममूर्ती याच परंपरेतील. चो यांच्या ‘इफ आय गेट इट’ या नाटकातील पात्रावरून त्यांना ‘कात्ताडी’, म्हणजे पतंग, हे उपनाव मिळाले. सडपातळ, वाऱ्याबरोबर हेलकावणारा हा नट सांबूला लाभला, हा एक सुयोग म्हटला पाहिजे.

कारण येथे निवेदकाची जागा देहाला घ्यावी लागते. कथेत अज्ञान हे एक विधान असते; पडद्यावर ते चालण्यात, वळण्यात, चुकीच्या क्षणी थांबण्यात दिसावे लागते. नटाने मूर्खपणाचा अभिनय केला की सांबू संपतो, कारण मूर्खपणाचे सोंग करणारा माणूस हुशार असतो, हे प्रेक्षक जाणतो. सांबूने गांभीर्याचा अभिनय करावयाचा असतो. मूर्खपणा भोवतालच्या घटनांनी सिद्ध करावयाचा असतो. तेरुक्कूत्तातील कट्टियक्कारन् किंवा तमाशातील सोंगाड्या प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावतो. सांबूला ती मुभा नाही. विदूषकाच्या दीर्घ परंपरेत वाढलेल्या रंगभूमीपुढे हे एक अवघड आव्हान होते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जाऊ शकतो, या एका गोष्टीने ते काहीसे सुकर केले.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मालिका-रूपातील हेरकथा असंगत विनोदाकडे का झुकते?

पहिले कारण पुनरावृत्तीचे आहे. एक कोडे दोनदा घालता येत नाही. व्यक्ती मात्र शंभरदा भेटू शकते. त्यामुळे मालिका लांबली की कोड्याचे महत्त्व कमी होते आणि व्यक्तीच्या लकबी वाढतात. १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘करमचंद’ या हिंदी मालिकेतील प्रकरणे आज फारशी कोणाला आठवत नाहीत; पंकज कपूर यांनी चावलेली गाजरे आणि किटीला दिलेला दम तेवढा आठवतो. बंगालीत सत्यजित राय यांनी ही गोष्ट ओळखून फेलूदाच्या सोबत जटायू हा रहस्यकथालेखकच आणून बसविला आणि विनोदाला अधिकृत आसन दिले. त्यामुळे फेलूदाचा तर्क अबाधित राहिला. दुसरे कारण संभाव्यतेचे आहे. एकदा घडलेला योगायोग ही घटना असते. प्रत्येक आठवड्याला घडणारा योगायोग हा नियम होतो, आणि नियमाने घडणारा योगायोग हाच विसंगतीचा अर्क आहे. सांबूच्या पहिल्या काही यशांवर वाचक आश्चर्य करतो. पुढे आश्चर्याची जागा अपेक्षा घेते. आता ‘चोर कोण’ हे विचारले जात नाही, ‘या वेळी सांबू कोठे धडपडणार’ हे विचारले जाते. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सजीवावर यांत्रिकतेचे आरोपण हे हास्याचे मूळ मानले आहे. मालिका ही स्वभावतःच यांत्रिक आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गुन्हा घडतो आणि ठरलेल्या मिनिटाला तो उलगडतो.

परंतु यांत्रिकतेचे भान कोणाला आहे, हा खरा प्रश्न आहे. येथे रसाभासाची कल्पना उपयोगी पडते. आनंदवर्धनाने अनौचित्य हे रसभंगाचे प्रमुख कारण सांगितले. अभिनवगुप्ताने त्याच धाग्याने पुढे जाऊन, कोणत्याही रसाचा आभास हास्यात परिणत होऊ शकतो, असे ‘अभिनवभारती’त प्रतिपादिले. अद्भुताचा आभासही याला अपवाद नाही. बुद्धीचे कौतुक वाटावे अशी मांडणी करावी आणि बुद्धीचा मागमूस नसावा, म्हणजे अद्भुताभास होतो आणि हसू येते. हा आभास रचनाकाराने जाणून घडविला असेल तर तो हास्यरस. नकळत घडला असेल तर केवळ हास्यास्पद. मराठीत हे दोन शब्द एकाच धातूचे असून त्यांतील अंतर फार मोठे आहे. देवन यांनी अद्भुताभास जाणीवपूर्वक उभा केला. सांबूला बुद्धिमान समजणारे जग हे त्यांच्या विनोदाचे लक्ष्य आहे. कर्तबगारीचा शिक्का कसा बसतो आणि तो बसल्यावर कोणी तपासून पाहत नाही, हे त्या कथा हसत हसत दाखवितात.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण मुंबईने दिले आहे. बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती. पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेली, शिवाजी साटम यांची भूमिका असलेली ही मालिका आपल्या साधेपणामुळे विश्वसनीय वाटे. याच दिग्दर्शक-नटाच्या जोडीने २१ जानेवारी १९९८ रोजी ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका सुरू केली. ती २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत सलग वीस वर्षे चालली, तिचे दीड हजाराहून अधिक भाग झाले आणि २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा प्रसारित होऊ लागली. तिच्या निर्मात्यांना शिस्त नव्हती असे म्हणता येणार नाही. २००४ साली एकशे अकरा मिनिटांचा एक भाग त्यांनी एकाच अखंड चित्रणात पूर्ण केला, ही तांत्रिक कामगिरी लहान नव्हे. तरीही वर्षे जात गेली तसा तपास मागे पडला आणि लकबी पुढे आल्या : वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताची फिरणारी बोटे, दयाने तोडलेली दारे, फ्रेडरिक्सचे विनोद, प्रयोगशाळेत क्षणार्धात लागणारे निष्कर्ष. प्रेक्षक मालिकेबरोबर हसण्याऐवजी मालिकेला हसू लागले, आणि पुढे त्या हसण्याचे रूपांतर एका प्रेमळ सवयीत झाले. मालिकेनेही ते ओळखले आणि आपल्या लकबींचे स्वतःच सादरीकरण सुरू केले. अशा रीतीने हास्यास्पद हळूहळू हास्याच्या जवळ आले.

६

हा प्रवास निरुपद्रवी वाटतो. परंतु येथेच दोन्ही प्रकारांतील नैतिक अंतर दिसून येते. ‘सीआयडी’त संशयिताच्या कानशिलात बसणारी थप्पड हा जवळजवळ विधी झाला. थप्पड बसते, गुन्हेगार कबुली देतो, अधिकारी त्याला फाशीची ग्वाही देतो. न्यायालय, पुरावा, वकील यांची गरज उरत नाही. प्रारंभी ही गोष्ट गंभीर कथेत आली असती तर प्रेक्षकाने कदाचित विचारले असते की हा अधिकार कोणी दिला? विनोदाच्या वातावरणात तो प्रश्न विरघळून जातो. पोलिसांच्या मारहाणीची कबुली भारतीय पुरावा कायद्याने १८७२ सालीच अग्राह्य ठरविली होती. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीच मुळात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. वसाहतवादी राज्यकर्त्यांनीही जो अविश्वास कायद्यात नोंदविला, तो अविश्वास घराघरांतील हशाने पुसला जावा, ही किरकोळ बाब नव्हे. हास्य येथे परीक्षण करीत नाही, ते परीक्षणाला सुट्टी देते.

सांबूच्या कथेत कोणालाही मारून कबुली घेतली जात नाही, कारण सांबूला कोणाचा संशयच नीट येत नाही. तो स्वतःच भित्रा आहे. सत्तेचा हात त्याला पेलत नाही. गुन्हेगार स्वतःच्या चुकीने, भीतीने किंवा दुर्दैवाने उघडा पडतो. वाचक हसतो तेव्हा तो सांबूला जितका हसतो तितकाच त्याच्या भोवती आरती ओवाळणाऱ्या प्रतिष्ठितांना हसतो. हा हास्याचा रोख खालून वर जाणारा आहे. शिवाय वाचकाला सत्य ठाऊक असल्याने त्याची विवेकबुद्धी कथेच्या शेवटपर्यंत जागी राहते. असंगती येथे तर्काचा पराभव करीत नाही. तर्काच्या नावाखाली काय काय खपते, याची ती झाडाझडती घेते.

याचा अर्थ सांबूच्या कथांना मर्यादा नाहीत असा नव्हे. ज्याची चोरी झाली, जो फसला, त्याचे दुःख या कथांत फारसे उमटत नाही. गुन्हा हा केवळ निमित्त राहतो. शहरही मुख्यतः मध्यमवर्गीय, पांढरपेशे आणि बरेचसे ब्राह्मणी आहे. गिरण्यांचे, बंदराचे, झोपड्यांचे मद्रास तेथे क्वचितच येते. तमिळ रहस्यकथेला ती जाग पुढे वेगळ्या वाटांनी आली. तमिळवाणन यांचा शंकरलाल, सुजाता यांनी १९६८ पासून घडविलेला वकील गणेश आणि नंतर त्याला येऊन मिळालेला वसंत, राजेश कुमार यांच्या शेकडो खिसा-कादंबऱ्या यांनी या प्रकाराला पुन्हा वेग, विज्ञान आणि रस्त्यावरची भाषा दिली. विशेष म्हणजे सुजातांनाही वसंताच्या रूपाने थट्टेखोर सोबती ठेवावा लागला. पण त्याची थट्टा बुद्धिमानाची आहे. सांबूला वारस मिळाला नाही, कारण त्याच्यासारख्या पात्राची निर्मिती करण्यास लेखकाला स्वतःचे चातुर्य सतत लपवावे लागते, आणि हा संयम दुर्मीळ असतो.

भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासात हेरकथेला पुष्कळदा परिशिष्टात जागा मिळते आणि तिच्यावर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांना तीही मिळत नाही. चेन्नईतील या एका उदाहरणावरून दिसते की ही उपेक्षा अभ्यासाच्या दृष्टीने हानिकारक आहे. साप्ताहिक, सभांचा रंगमंच आणि दूरदर्शन या तीन माध्यमांतून जाताना एकच पात्र हास्याच्या तत्त्वांची जी परीक्षा घेते, ती केवळ अभिजात ग्रंथांच्या वाचनाने घडणार नाही. गंभीर हेरकथा विनोदाकडे झुकली म्हणजे ती बिघडली, असा सरसकट निर्णय देता येत नाही; तसेच विनोद झाला म्हणजे सर्व क्षम्य ठरले, असेही म्हणता येत नाही. प्रत्येक वेळी पाहावयाचे ते एवढेच : हसताना सत्य कोणाला ठाऊक आहे, आणि थप्पड कोणाच्या गालावर बसते आहे. सांबूच्या कथेत सत्य वाचकाकडे असते आणि गाल कोणाचाच लाल होत नाही. म्हणूनच देवन यांचा हा टकला कारकून हास्यास्पद असूनही त्याची कथा हास्यास्पद ठरली नाही. ती हास्यरसाचीच कथा राहिली.